‘नको’च्या यादीत कोण कोण सापडतं?

मागच्या वेळी आपण प्रॉम्प्टबद्दल बोललो. आज निगेटिव्ह प्रॉम्प्ट, म्हणजे चित्रात काय नको ते लिहिण्याची जागा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये स्टेबल डिफ्यूजन सर्वांसाठी खुलं झालं आणि त्यानंतर लवकरच एक इंग्रजी यादी हातोहात फिरू लागली. ‘अग्ली’, ‘बॅड ॲनाटॉमी’, ‘एक्स्ट्रा फिंगर्स’, ‘मिसिंग लिंब’, ‘ॲम्प्युटेशन’... बरेच जण ती आजही न वाचता चिकटवतात. माझा आक्षेप त्या न वाचण्याला आहे.

आधी यंत्र काय करतं ते बघू. चित्र गोंगाटातून टप्प्याटप्प्याने साफ होत जातं. प्रत्येक टप्प्यावर मॉडेल दोन अंदाज करतं: एक तुमचा मजकूर धरून, दुसरा रिकामा मजकूर धरून. या दोहोंतला फरक साधारण सातपट वाढवून चित्र पहिल्या अंदाजाकडे ढकललं जातं. निगेटिव्ह प्रॉम्प्ट त्या रिकाम्या जागी जाऊन बसतो. बस्स, एवढंच. म्हणजे ही चूक शोधून काढणारी चाळणी नव्हे. ‘या शब्दापासून लांब जा’ एवढी दिशा आहे. मुख्य प्रॉम्प्टमध्ये ‘टोपी नसलेला माणूस’ लिहिलं की बऱ्याचदा टोपीच उगवते, तिथे ही सोय खरंच कामाची. टोपी म्हणजे काय हे मॉडेलला ठाऊक असतं.

पण ‘एक्स्ट्रा फिंगर्स’? मॉडेल शिकलं ते वेबवरच्या चित्रांवरून आणि त्यांच्या ओळींवरून. फोटोखाली ‘या हाताला सहा बोटं आहेत’ असं कोण लिहितं? शब्दामागे चित्रंच नाहीत, तर लांब जायचं कशापासून? हात बिघडतात त्याचं एक कारण फार साधं आहे. पहिल्या आवृत्त्यांत ५१२ बाय ५१२ चं चित्र आतमध्ये ६४ बाय ६४ च्या चौकटीत घडतं. उभ्या माणसाच्या हाताच्या रुंदीला त्यातली चार-पाच घरं येतात. त्यात पाच बोटं मावणार कशी! तेवढाच भाग मोठा करून पुन्हा रंगवून घ्या, यादीपेक्षा जास्त फरक पडेल.

आता ‘मिसिंग लिंब’ आणि ‘ॲम्प्युटेशन’ बघा. या शब्दांमागे मात्र चित्रं आहेत, खऱ्या माणसांची. ही यादी तशीच ठेवून कृत्रिम पाय लावलेली पॅरालिम्पिक धावपटू मागा. वरचा प्रॉम्प्ट एकीकडे ओढतो, खालची यादी दुसरीकडे, आणि पाय ‘दुरुस्त’ होऊन येण्याची शक्यता वाढते. ‘अग्ली’चंही तेच. म्हाताऱ्या बाईचं चित्र मागावं आणि सुरकुत्या इस्त्री केल्यासारख्या जाव्यात. याला सुधारणा म्हणायचं? माझ्या मते नाही. कुणाच्या तरी आवडीनिवडीचं माप आपण प्रत्येक माणसाला लावतोय, आणि तेही नकळत.

यादी लांबली की लोक एम्बेडिंगकडे वळतात. मॉडेलच्या दृष्टीने शब्दाचा तुकडा म्हणजे आकड्यांची एक रांग. पहिल्या आवृत्त्यांत ७६८ आकड्यांची. २०२२ मध्येच तेल अवीव विद्यापीठ आणि एनव्हिडिया इथल्या संशोधकांनी टेक्स्च्युअल इन्व्हर्जन मांडलं: तीन ते पाच चित्रं द्या, त्यांना शोभेल अशी नवी रांग शोधली जाते, मॉडेलला हात लागत नाही. मूळ हेतू आपली एखादी खास वस्तू ओळखायला शिकवण्याचा. लोकांनी ते उलटं फिरवलं आणि नको असलेल्या गोष्टींची रांग तयार करून निगेटिव्हमध्ये टाकली. ‘ईझी निगेटिव्ह’ हे त्यातलं गाजलेलं नाव. पण ते घडलं काउंटरफिट या ॲनिमे धाटणीच्या मॉडेलवर. फोटोसारख्या चित्रात ते टाकलं, तर त्या मॉडेलची रुचीही सोबत येणारच. आणि यादी निदान वाचता येते हो, ही रांग तर वाचताही येत नाही.

शिवाय आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? पहिल्या आवृत्त्यांचं शिक्षण मुख्यतः इंग्रजी ओळींवर झालं. नऊवारीचा काष्टा मॉडेलने नीट पाहिलाच नसेल, तर ‘बॅड क्लोद्स’ लिहून तो येत नाही.

तर करायचं काय? सीड तोच ठेवा, निगेटिव्ह पूर्ण रिकामा करा, चित्र बघा. मग जे खरोखर खटकलं तेवढाच एक शब्द घाला, पुन्हा बघा. कंटाळवाणं आहे, मान्य. बहुतेक चित्रांना दोन-तीन शब्द पुरतात, काहींना एकही लागत नाही. एम्बेडिंग वापरायचंच असेल, तर ते कुठल्या मॉडेलवर घडलंय ते आधी वाचा. नऊवारीसाठी लोरा लागेल, तो विषय पुढच्या वेळी घेऊ. आता प्रश्न विचारा.