देवदूतांचा वाटा

ओकच्या पिंपात मुरणाऱ्या स्कॉच व्हिस्कीचा दरसाल सुमारे २ टक्के भाग वाफ होऊन उडतो. स्कॉटलंडात त्याला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. याच नावाचा केन लोच यांचा २०१२ सालचा चित्रपट रसिकांनी अवश्य पाहावा.

ग्लासगोचा रॉबी हा मारामारीत शिक्षा झालेला बेकार तरुण. त्याच्या नाकाला सिंगल माल्टची उपजत पारख आहे. १९६२ साली बंद पडलेल्या 'माल्ट मिल' भट्टीच्या दुर्मिळ पिंपातून तो लिलावाआधी चार बाटल्या चोरतो आणि तूट दुसऱ्या व्हिस्कीने भरतो. साडेअकरा लाख पौंडांना ते पीप घेणारा धनिक ती भेसळ चाखून खूश होतो! त्याने नाव विकत घेतले, चव नव्हे. संग्रहाच्या हौसेवर याहून मार्मिक टीका माझ्या पाहण्यात नाही.

चोरी इतक्या सहज पचावी, हे मात्र माझ्यातल्या मास्तराला खटकते. तरीही शेवट मन जिंकतो. दोन बाटल्या वाटेत फुटतात. एक विकून रॉबी पैसा आणि नोकरी मिळवतो; दुसरी, आपल्यावर विश्वास टाकणाऱ्या हॅरीच्या घरी गुपचूप ठेवून जातो. वर्गातल्या ज्या पोरांना आपण वाया गेलेली म्हणतो, त्यांच्या अंगचा गुण हुडकणारा असा एखादा हॅरी त्यांना भेटायला हवा.