आर्नस्टीनची शिडी आणि मँचेस्टरच्या बस

पीएच.डी.च्या तयारीला लागलेल्या बऱ्याच जणांचे सिनॉप्सिस हल्ली माझ्याकडे वाचायला येतात. विषय ‘लोकसहभाग’ असला की दुसऱ्या-तिसऱ्या पानावर शेरी आर्नस्टीनची शिडी येणारच. १९६९ च्या लेखातली, आठ पायऱ्यांची. तळाला लोकांना नुसतं वापरून घेणं, टोकाला नागरिकांचं नियंत्रण, आणि मधे चौथ्या पायरीवर सल्लामसलत. ही चौथी पायरी आर्नस्टीननी दिखाऊ सहभागाच्या गटात टाकली आहे. मग तुमचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं: ‘सदर प्रक्रिया चौथ्या पायरीवर आहे.’

मीही हेच लिहिलं होतं. गाइडनी समासात एका ओळीचा शेरा मारला, ‘उत्तर आधीच ठरलं होतं, तर फील्डवर कशाला गेलात?’ शेरा बोचला. पटला मात्र बऱ्याच उशिरा, ग्रेटर मँचेस्टरच्या बससेवेची कागदपत्रं वाचताना.

प्रकरण थोडक्यात सांगतो. लंडन सोडून उरलेल्या इंग्लंडमध्ये १९८६ मध्ये बससेवा खुल्या बाजारात गेली. बहुतेक मार्ग, वेळापत्रकं आणि भाडी खासगी कंपन्याच ठरवायच्या. २०१७ च्या कायद्यानं थेट निवडून आलेले महापौर असलेल्या प्रादेशिक प्राधिकरणांना हे सगळं परत हातात घ्यायची वाट मोकळी केली. मार्ग आणि भाडं प्राधिकरण ठरवणार, कंपन्या कंत्राटावर गाड्या चालवणार. पण कायद्यानं क्रमही घालून दिला: आधी पर्यायांचं मूल्यांकन, त्यावर स्वतंत्र ऑडिटरचा अहवाल, मग जाहीर सल्लामसलत, शेवटी महापौरांचा निर्णय.

पहिली फेरी ऑक्टोबर २०१९ ते जानेवारी २०२० अशी चालली. साडेआठ हजारांहून जास्त प्रतिसाद आले. लगेच कोविड आला आणि बस रिकाम्या पडल्या. म्हणून डिसेंबर २०२० मध्ये दुसरी फेरी काढली. प्रश्न एवढाच होता, की कोविडचा परिणाम धरूनही ही योजना पुढे न्यावी का. मार्च २०२१ मध्ये महापौरांनी हो म्हटलं.

आता लावा शिडी! लोकांना विचारलं, निर्णय मात्र वरच झाला. चौथी पायरी, विषय संपला. पण इथेच जरा थांबा आणि विचारलं कोणाला ते बघा. कायद्यानं ज्यांचं मत घ्यायलाच हवं अशांच्या यादीत त्या भागातल्या बस कंपन्या आहेत, कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी आहेत, प्रवाशांचे प्रतिनिधी आहेत, पोलिससुद्धा आहेत. म्हणजे ज्यांच्या हातून सेवा जाणार त्या कंपन्या आणि स्टॉपवर ताटकळणारा प्रवासी, दोघंही एकाच प्रक्रियेतले ‘सल्ला देणारे’. प्रवाशाच्या हातात प्रश्नावली होती. कंपन्यांकडे वकील होते. रोटाला आणि स्टेजकोच या दोन कंपन्या थेट हायकोर्टात गेल्या आणि कोविडनंतर झालेली प्रक्रिया सदोष आहे, असा दावा त्यांनी केला. मार्च २०२२ मध्ये त्या हरल्या. पण हरल्या तरी प्राधिकरणाला आपला प्रत्येक टप्पा कोर्टात त्यांच्यासमोर शाबीत करावा लागला. फॉर्म भरणाऱ्या प्रवाशासमोर ती वेळ कोणावर येते?

मग हे दोघं एकाच पायरीवर कसे? माझं म्हणणं एवढंच आहे, की पायरी प्रक्रियेला देऊ नका, प्रत्येक सहभागीला वेगळी द्या. आर्नस्टीनच्या मांडणीत समोरासमोर दोनच बाजू आहेत, सत्ताधारी आणि वंचित. मँचेस्टरमध्ये तिसरी बाजू सगळ्यात जोरात बोलली. आणि याबद्दल आर्नस्टीनना बोल लावायचं कारण नाही. या बाजू एकजिनसी नसतात, हे त्यांनी त्याच लेखात कबूल केलंय. आपण आकृती उचलतो आणि तो परिच्छेद सोडून देतो. (ट्रिटर आणि मॅककॅलम यांनी २००६ मध्ये सापशिडीची उपमा घेऊन या शिडीवर लिहिलंय, तेही वाचा.)

दुसरी अडचण वेळेची. शिडीला ‘कधी विचारलं’ हे दिसतच नाही. इंग्लंडच्या कोर्टांनी १९८५ पासून धरलेली पहिलीच अट अशी, की प्रस्ताव अजून घडत असतानाच लोकांना विचारायला हवं. मँचेस्टरमध्ये लोकांपुढे प्रश्न आला तोवर पसंतीचा पर्याय ठरलेला होता. कायद्याला हे चालतं, फक्त निर्णय घेणाऱ्याचं मन मोकळं असावं लागतं. आता मन मोकळं होतं की नाही, हे प्रतिसादांच्या आकड्यावरून कळणार नाही. इथल्या ‘हरकती व सूचना’ मोजतानाही आपण नेमकं हेच विसरतो.

ते कळलं तर दोन कागद शेजारी ठेवून कळेल. सल्लामसलतीआधीचा मसुदा आणि नंतरची अंतिम योजना. कुठला शब्द बदलला, कोणता मार्ग आत आला किंवा बाहेर गेला, आणि त्या बदलाचं श्रेय प्राधिकरणानं कोणाच्या प्रतिसादाला दिलं. तिकडे हे उत्तर देणारा अहवाल छापणं कायद्यानंच बंधनकारक आहे, त्यामुळे काम कंटाळवाणं असलं तरी जमण्यासारखं आहे. तुमच्या प्रकरणात असा अहवालच नसेल, तर तोही तुमचा डेटा आहे. तसं लिहा.

नव्या योजनेतली पहिली बस सप्टेंबर २०२३ मध्ये धावली आणि जानेवारी २०२५ मध्ये सगळा प्रदेश त्यात आला. माझा चॅप्टर मात्र अजून गाइडच्या टेबलावर आहे. ‘चौथी पायरी’ हे शब्द त्यात आता दोनदाच येतात.