घरगुती घातक कचरा : यादी आहे, वाट कुठे आहे?

ओला कचरा आणि सुका कचरा हे दोन शब्द आता पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असतात. तिसऱ्या प्रकाराचे मात्र तसे नाही. ८ एप्रिल २०१६ रोजी केंद्र सरकारने घनकचरा व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. त्यानुसार ‘घरगुती घातक कचरा’ ओल्या-सुक्यापासून वेगळा ठेवणे बंधनकारक झाले. रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, सीएफएल दिवे, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे, फुटलेले पाऱ्याचे तापमापक, वापरलेल्या बॅटऱ्या, सुया आणि सिरिंज अशी त्याची यादी नियमांतच दिलेली होती. जानेवारी २०२६ मध्ये नवे नियम अधिसूचित झाले. त्यांच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ही आहे. त्यांत कचऱ्याचे चार भाग केले आहेत : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. रंगाचे डबे, दिवे, पाऱ्याचे तापमापक व औषधे या शेवटच्या भागात येतात.

नाव बदलले, भाग वाढले. परंतु २०१६ च्या नियमांत जी उणीव होती ती नीट समजून घेतल्याखेरीज नवे नियमही कागदावरच राहण्याची भीती आहे. म्हणून त्या जुन्या नियमांचे परीक्षण आजही उपयोगाचे ठरेल.

यादीतील गोंधळ

पहिली गोष्ट व्याख्येची. व्याख्येप्रमाणे हा कचरा ‘घरगुती पातळीवर’ निर्माण झालेला असला पाहिजे. पण तो वेगळा ठेवण्याचे कर्तव्य मात्र कचरा निर्माण करणाऱ्या प्रत्येकावर टाकलेले होते. मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातली जळालेली ट्यूबलाइट कोणत्या प्रकारात मोडते? सायनबोर्ड रंगवणाऱ्याचे टर्पेंटाइन, दुचाकी दुरुस्तीच्या गॅरेजमधले जळके ऑइल, शाळेच्या प्रयोगशाळेतले पोटॅशियम डायक्रोमेट यांचे काय? कारखान्यांसाठी घातक कचऱ्याचे वेगळे नियम आहेत. पण त्यांची रचना परवाने, नोंदी आणि मोठ्या प्रमाणातला माल गृहीत धरून केलेली आहे. घर आणि कारखाना यांच्या मधला जो प्रचंड मोठा छोटा व्यवसाय आपल्याकडे आहे, तो दोन्ही नियमांच्या मध्ये लोंबकळत राहिला.

दुसरी गोष्ट म्हणजे, यादी वस्तूंची आहे, गुणधर्मांची नाही. एका सीएफएलमध्ये पारा साधारणपणे ५ मिलिग्रॅमपर्यंत असतो. तापमापकात तो अर्ध्या ग्रॅमपासून एक ग्रॅमपर्यंत असतो. म्हणजे फुटलेला एक तापमापक शंभर ते दोनशे सीएफएलच्या बरोबरीचा झाला. नियमांत दोघे एकाच ओळीत शेजारी बसलेले आहेत. औषधांचेही तसेच. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने मे २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत गैरवापर झाल्यास जीव घेऊ शकतील अशी १७ औषधे घरात न ठेवता संडासात टाकून पाणी सोडावे, असे सांगितले. इतर औषधांसाठी परत घेण्याच्या केंद्रांची सूचना केली. पाण्यात औषध जाण्याचा तोटा आणि घरातल्या कोणी ते चुकून घेण्याचा धोका यांची तुलना करून हा सल्ला दिला आहे. ‘मुदत संपलेली औषधे’ एवढ्या तीन शब्दांतून ही तुलना कधीच कळत नाही.

तिसरी गोष्ट अंतराची. असा कचरा जमा करण्यासाठी दर २० चौरस किलोमीटरला एक केंद्र असावे, असे २०१६ च्या नियमांत म्हटले होते. हे गणित वर्गात करून पाहण्यासारखे आहे. २० चौरस किलोमीटरचे वर्तुळ काढले तर त्याची त्रिज्या सुमारे अडीच किलोमीटर येते. वापरलेल्या चार सेलसाठी अडीच किलोमीटर जाणार कोण? शिवाय माप क्षेत्रफळाचे आहे, माणसांचे नाही. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबई शहर व उपनगर मिळून दर चौरस किलोमीटरला वीस हजारांहून अधिक लोक राहत होते. म्हणजे तेथे एका केंद्राच्या वाट्याला चार लाखांहून अधिक माणसे येतात. एखाद्या छोट्या नगरपरिषदेतही केंद्र एकच, आणि माणसे काही हजार. हा नियम करताना कोणी नकाशावर वर्तुळ काढून पाहिले होते, असे वाटत नाही.

वाट ठरवतो तो भाव

याहून मूलभूत आक्षेप वेगळा आहे. वस्तू धोकादायक आहे एवढे सांगितले की लोक ती वेगळ्या वाटेने पाठवतील, असे नियमांचे गृहीतक आहे. प्रत्यक्षात आपल्या गावात टाकाऊ वस्तूची वाट धोका ठरवीत नाही. भंगारातला भाव ठरवतो.

मोटारीची शिशाची बॅटरी घ्या. तिच्या वजनातला निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो. जुनी बॅटरी दिली की नवीच्या किमतीत सूट मिळते. त्यामुळे ती कचराकुंडीत पडलेली सहसा दिसत नाही. गोळा करण्याचा प्रश्न बाजारानेच सोडवला आहे. पण पुढे काय होते? काही बॅटऱ्या अधिकृत कारखान्यांत जातात. काही उघड्यावर फोडल्या जातात, आम्ल गटारात ओतले जाते आणि शिसे साध्या भट्टीत वितळवले जाते. शिसे अवघ्या ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. त्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही, आणि धूर व राख आसपासच्या वस्तीत पसरते. युनिसेफ व ‘प्युअर अर्थ’ या संस्थांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या, म्हणजे दर तिघांतल्या एकाच्या, रक्तात शिशाचे प्रमाण डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक होते. बॅटऱ्यांवरील अशी अनधिकृत प्रक्रिया हे त्याचे एक प्रमुख कारण म्हणून अहवालाने नोंदवले आहे. गॅरेजमधल्या जळक्या ऑइलचीही तीच कथा. त्याला गिऱ्हाईक आहे. कोणी इंधन म्हणून जाळतो, कोणी वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासतो.

आता दुसरे टोक पाहा. ट्यूबलाइट, तापमापक, मुदत संपलेल्या गोळ्या, इन्शुलिनच्या सुया. यांना भंगारवाला हात लावत नाही. मग त्या सुक्या कचऱ्यातच जातात आणि वर्गीकरण करणाऱ्या कचरावेचक स्त्रीच्या हातात पडतात. सुई टोचते ती तिला. नळी फुटल्यावर पाऱ्याची वाफ जाते ती तिच्या श्वासात.

यातून एक स्पष्ट विभागणी दिसते. जिथे भाव आहे तिथे गोळा करण्याचा प्रश्न सुटलेला आहे, सुरक्षित प्रक्रियेचा बाकी आहे. जिथे भाव नाही तिथे प्रक्रियेची सोय असू शकते, पण माल तिथवर पोचतच नाही. हे दोन निरनिराळे रोग आहेत आणि नियमांनी दोहोंना एकच औषध दिले : वेगळे ठेवा आणि केंद्रावर नेऊन द्या.

महाराष्ट्रात शेवटची सोय नाही असे नाही. तळोजे, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे औद्योगिक घातक कचऱ्यावर प्रक्रिया व विल्हेवाट करणारी सामायिक केंद्रे आहेत. साखळीचे शेवटचे टोक आहे. नाही ते पहिले, घरापासून वॉर्डापर्यंतचे.

जिथे वाट सापडली

हे पहिले टोक जोडता येते, याची उदाहरणे आहेत. केरळमध्ये २०२५ साली कोझिकोडपासून न वापरलेली औषधे परत घेण्याचा सरकारी उपक्रम सुरू झाला. त्यात औषधे कोठे द्यायची आणि ती शेवटी कोठे जाळली जाणार, या दोन्ही गोष्टी आधी ठरल्या होत्या. मुंबई महानगरपालिकेनेही २०२५ मध्ये सॅनिटरी व विशेष काळजीचा कचरा नोंदणी केलेल्या सोसायट्या, वसतिगृहे आणि ब्युटी पार्लर यांच्या दारातून उचलण्याची सेवा सुरू केली. येथे घर आणि छोटा व्यवसाय एकाच गाडीत आले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुण्यात कचरावेचकांच्या संघटनेने सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची मोहीम चालवली. खर्च जवळजवळ शून्य. पण पुडीत काय आहे हे उचलणाऱ्या हाताला आधी कळू लागले.

बॅटऱ्यांच्या बाबतीत २०२२ च्या नियमांनी योग्य तत्त्व स्वीकारले : ज्याने वस्तू बनवून विकली त्यानेच ती परत घेण्याची जबाबदारी उचलावी. पाऱ्याचे दिवे ई-कचऱ्याच्या नियमांत आल्याने त्यांनाही हे तत्त्व लागू होते. मग रंगाचे डबे आणि औषधे यांना ते का लागू नसावे? ज्या वस्तूला भंगारात भाव नाही तिला परत येण्यासाठी कोणीतरी पैसे मोजलेच पाहिजेत. ते विकत घेताना किमतीतच मोजले गेले तर उत्तम.

शाळेने काय करावे

येथे शिक्षकांचा संबंध थेट येतो, कारण शाळा हीही अशा कचऱ्याची निर्माती आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले कोबाल्ट-६० असलेले एक उपकरण १९८५ पासून वापरात नव्हते. २०१० च्या फेब्रुवारीत ते भंगार म्हणून लिलावात विकले गेले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात फोडले गेले. किरणोत्सर्गाने अनेक जण आजारी पडले, एक कामगार दगावला. कोबाल्ट-६० चा अर्धायुष्यकाल सुमारे ५.२७ वर्षे. पंचवीस वर्षांत त्याची क्रियाशीलता मूळच्या सुमारे चार टक्क्यांवर येते. उरलेले चार टक्केही माणसाचा जीव घेण्यास पुरेसे ठरले. शिकलेल्यांच्या संस्थेतून निघालेली वस्तूही शेवटी भावाच्याच वाटेने गेली, हा त्यातला धडा आहे.

आपल्या शाळेत किरणोत्सारी काही नसेल. पण डेडस्टॉक रजिस्टरमध्ये पाऱ्याचा वायुदाबमापक, कपाटात लेड नायट्रेटची बाटली आणि लेबल गळून पडलेल्या चार-पाच बाटल्या हमखास असतात. निर्लेखन करताना त्या इतर भंगाराबरोबर लिलावात घालू नयेत. त्यांची वेगळी यादी करावी आणि त्या कोठे द्यायच्या हे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी विचारावे. पारा सांडला तर झाडूने लोटू नये. खिडक्या उघडाव्यात, थेंब जाड कागदाने गोळा करावेत, उरलेल्यावर गंधकाची पूड टाकावी. पारा आणि गंधक यांचा संयोग नेहमीच्या तापमानालाही होतो, हे रसायनशास्त्र मुलांना अशा वेळी कधीही न विसरण्याइतके कळते.

एक सावधगिरी मात्र हवी. ‘घातक कचरा संकलन सप्ताह’ म्हणून मुलांकडून जुने सेल, दिवे आणि गोळ्या शाळेत आणवून घेण्याचा उत्साह पुष्कळदा दिसतो. माल पुढे कोण नेणार हे ठरलेले नसेल, तर गावभर विखुरलेला धोका आपण एका वर्गखोलीत आणून ठेवतो. त्याऐवजी नववी-दहावीच्या मुलांनी आपल्या वॉर्डात तीन प्रश्नांची चौकशी करावी : या वस्तू कोण घेतो, त्यांचे पैसे कोण कोणाला देतो, आणि त्या शेवटी कोठे जातात? गॅरेज, औषधांचे दुकान, इलेक्ट्रिशियन, भंगारवाला आणि नगरपालिकेचा आरोग्य विभाग एवढ्या पाच ठिकाणी विचारले तरी पुरे. मिळालेली उत्तरे नगरपालिकेकडे लेखी पाठवावीत.

नव्या नियमांची परीक्षाही याच तीन प्रश्नांनी करावी. डब्याचा रंग कोणता आणि भाग तीन की चार, हे प्रश्न त्यानंतरचे. ज्या गावात तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांना मिळत नाही, त्या गावात वेगळा ठेवलेला घातक कचरा अखेर कचरावेचक स्त्रीच्याच टोपलीत पडणार.