श्रवण की मापन? : घरगुती ध्वनियंत्रांच्या मूल्यमापनाची चिकित्सा

प्रस्तावना :

घरी गाणे ऐकण्यासाठी घेतलेल्या ॲम्प्लिफायरचा किंवा स्पीकरचा चांगलेवाईटपणा कोणी ठरवावा, ऐकणाऱ्याच्या कानाने की प्रयोगशाळेतील उपकरणाने, हा वाद दीर्घकाळ चालू आहे. संगीत कानासाठी असते, म्हणून कानाचा निर्णय अंतिम, असे एक पक्ष मानतो. कानावर किमतीचा व नावाचा प्रभाव पडतो, म्हणून आकडे हेच प्रमाण, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे आहे. वरवर पाहता हा वाद श्रीमंत हौशी मंडळींचा वाटतो. परंतु भुसावळसारख्या गावात काटकसरीने संच विकत घेणाऱ्या रसिकाचा पैसा आणि स्वतःच्या कानावरील विश्वास या दोन्ही गोष्टी त्यात गुंतलेल्या आहेत. प्रस्तुत लेखात दोन्ही पक्षांच्या दाव्यांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

श्रुतींच्या वादाचा पूर्वानुभव :

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्वरांच्या साहाय्याने त्यांनी श्रुतींची गुणोत्तरे मांडली. सनदी अधिकारी ई. क्लेमेंट्स यांच्या सहकार्याने श्रुति-हार्मोनियमही तयार झाली. बडोदा येथील १९१६ च्या संगीत परिषदेत श्रुतींचा हा प्रश्न चर्चेला आला. पंडित भातखंडे यांनी मात्र आपली रागव्यवस्था बारा स्वरांच्या आधारे मांडली.

देवलांच्या प्रयत्नाचे मोल निःसंशय मोठे आहे. शुद्ध गांधार षड्जाशी ५:४ या गुणोत्तरात असतो, तर समविभागी हार्मोनियमवरील गांधार त्याहून सुमारे १४ सेंट चढा असतो. हा फरक तयार कानाला जाणवतो आणि मोजताही येतो. येथे कान व माप यांची साक्ष एकच आहे. अडचण उद्भवते ती एका गायकाच्या स्वरांवरून सर्वांसाठी नियम केला जातो तेव्हा. जैरजभॉय व स्टोन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनात, एकाच स्वराचे स्थान कलावंतागणिक आणि एकाच सादरीकरणातही बदलते, असे आढळले. म्हणजेच मापन चुकीचे नव्हते. त्यावर रचलेला दावा त्याच्या आवाक्याबाहेरचा होता.

मापनाची मर्यादा :

ध्वनियंत्रांच्या बाबतीतही हेच घडले. प्रारंभीच्या काही ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरांची विकृती पूर्ण शक्तीवर मोजल्यास अत्यल्प दिसे. परंतु हळू आवाजात, एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे काम जाताना होणारी विकृती कानाला कर्कश वाटे. श्रोत्यांची तक्रार खरी होती. आकडाही खोटा नव्हता. केवळ तो भलत्या ठिकाणी घेतलेला होता. मिरजेच्या तंबोऱ्याचे उदाहरणही बोलके आहे. घोडीवर दोरा सरकवून जवारी लावणारा कारागीर कानानेच निर्णय करतो. तंबोऱ्याच्या तारेतून उमटणाऱ्या समृद्ध स्वरांशाचे भौतिक विवेचन सी. व्ही. रामन यांनी १९२१ च्या सुमारास केले. कारागिरांच्या कानाने ते त्यापूर्वीच ओळखले होते.

श्रवणाची मर्यादा :

तथापि यावरून कान सर्वश्रेष्ठ ठरत नाही. कारागिराच्या कानाला तत्काळ कसोटी असते. दोरा सरकवताच स्वर बदलतो. महागडी तार जोडून आठवड्याने 'आवाज खुलला' म्हणणाऱ्या श्रोत्याला अशी कसोटी नसते. दोन यंत्रांपैकी एकाचा आवाज किंचित मोठा असला, तरी तेच सरस वाटते. फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले की, स्पीकर डोळ्यांना दिसत असताना दिलेली पसंती आणि पडद्याआड ठेवल्यावर दिलेली पसंती यांत लक्षणीय अंतर पडते. सीडीच्या दर्जाचा ध्वनी व त्याहून उच्च दर्जाचा मानला गेलेला ध्वनी यांची मेयर व मोरान यांनी २००७ मध्ये तुलना प्रसिद्ध केली. तीत ५५४ चाचण्यांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून मिळावीत तितकीच. श्रोत्यांनी लबाडी केली, असा याचा अर्थ नव्हे. कान आणि मन हे एकत्रच ऐकतात, एवढेच यातून सिद्ध होते.

येथे परिस्थितीचाही विचार आवश्यक ठरतो. सीडीची सुमारे ९६ डेसिबलची ध्वनिपल्ला-क्षमता कागदावर प्रभावी दिसते. पण खानदेशातील मे महिन्याच्या दुपारी पंखा व कूलर यांच्या घोषात तिचा कितीसा उपयोग होतो? अशा घरात स्पीकरची जागा व खोलीची रचना यांचा परिणाम महागड्या तारेपेक्षा कितीतरी अधिक असतो.

निष्कर्ष :

श्रवण आणि मापन हे परस्परांचे प्रतिस्पर्धी नसून एकमेकांचे साक्षीदार आहेत. जेथे कानाला दोष जाणवतो व आकडा निर्दोष दिसतो, तेथे मापनाची रीत तपासावी. जेथे आकड्यात फरक नाही व कानाला तो जाणवतो, तेथे आवाजाची पातळी समान ठेवून व यंत्र झाकून पुन्हा ऐकावे. या कसोटीला उतरणारा फरक मान्य करण्यात शास्त्राला कमीपणा नाही, आणि न उतरणारा फरक सोडून देण्यात रसिकतेला कमीपणा नाही. कोणता आवाज आवडावा, हे सांगण्याचा अधिकार कोणत्याही उपकरणाला नाही; परंतु आवड ही यंत्राची गुणवत्ता म्हणून दुसऱ्याला विकली जाऊ लागली, की पुरावा मागण्याचा अधिकार ग्राहकाला निश्चितच आहे.