घराचे कलाकेंद्र : भुलाभाई संस्थेच्या निमित्ताने

वडवणीसारख्या गावातील एखाद्या पडक्या वाड्याचे कलाकेंद्र व्हावे, ही इच्छा स्तुत्यच होय. परंतु घराचे कलाकेंद्रात ‘रूपांतर’ होते तेव्हा नेमके काय पालटते, याचा विचार क्वचितच होतो. भिंती राखल्या, खोल्यांना दालने म्हटले, दारावर पाटी लावली, की कार्य सिद्धीस गेले असे मानले जाते. मुंबईच्या भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटचे उदाहरण या दृष्टीने तपासण्यासारखे आहे.

वॉर्डन रोडवरील तो बंगला भुलाभाई देसाई यांचा. लाल किल्ल्यातील १९४५ च्या खटल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांचा बचाव करणारे हे विधिज्ञ १९४६ साली निवर्तले. पुढे त्यांच्या स्नुषा मधुरीबेन देसाई आणि सोली बाटलीवाला यांच्या पुढाकाराने घर कलावंतांना खुले झाले. गायतोंडे, हुसेन यांना तेथे चित्रे काढण्यास जागा मिळाली. अल्काझींचे थिएटर युनिट, रविशंकरांची किन्नर संगीतशाळा आणि १९६० साली निघालेले आपले रंगायन यांनाही त्याच छपराचा आश्रय लाभला. संस्थेविषयीचे बहुतेक लेखन या नामावलीपाशीच दिपून थांबते. मला नामावलीहून शेजार महत्त्वाचा वाटतो. तालमीस निघालेल्या नटाच्या वाटेवर चित्रकाराची खोली असावी, ही योजना कोणत्याही नियमावलीने केलेली नव्हती. ती घराच्या घडणीतूनच आली.

‘केंद्र’ हा शब्द मूळ ग्रीक. ज्योतिषाच्या मार्गाने तो संस्कृतात आला. त्यात एक मध्यबिंदू गृहीत आहे. मराठवाड्यातील वाड्यात मात्र याहून उपयुक्त शब्द आहे : ढाळज. दिंडी दरवाजातून आत शिरताच दोहों बाजूंस असणारी ही उंच बैठक. येथे परक्यास टेकता येते, पण माजघरात जाता येत नाही. ती पुरती घरातली नव्हे आणि रस्त्यावरचीही नव्हे. भुलाभाईंचा सारा बंगलाच, माझ्या मते, काही वर्षे ढाळज झाला होता.

तो बंगला पाडला गेला. तेथे आज आकाशगंगा ही उंच इमारत आहे. प्रायोगिक मराठी नाटकास दुसरे घर मिळाले : १९७१ साली स्थापन झालेल्या ‘आविष्कार’ने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेत प्रयोग सुरू केले आणि त्यातून चळवळ उभी राहिली. नाटक जगले, हे खरेच. परंतु चित्रकार आणि सतारिये त्याच्यासवे शाळेत गेले नाहीत. नष्ट झाले ते हे सान्निध्य, आणि त्याची नोंद वास्तूच्या नकाशात सापडत नाही.

म्हणून वडवणीच्या वाड्यात दुरुस्तीस आरंभ करावयाचा झाल्यास तो नक्षीदार खांबांपासून न करता ढाळजेपासून करावा. तेथे काचेची कपाटे मांडू नयेत, तिकिटाची खिडकीही काढू नये. भजनी मंडळाने संध्याकाळी तेथे पखवाज लावावा, शाळेतल्या मुलांनी शेजारी बसून चित्रे रंगवावीत. माजघरात काय करावयाचे ते मागाहून ठरविता येईल.