दोन प्रेक्षागारें

मुंबईंत चर्चगेटजवळ क्रिकेटचीं दोन प्रेक्षागारें हाकेच्या अंतरावर उभीं आहेत. १९३७ सालच्या ब्रेबोर्नमध्यें शिरतांच नजर सभासदांच्या सज्जांवर ठरते. इमारत देखणी खरी. पण ती क्लबाची. तिकीट काढून येणारा तेथें पाहुणाच, आणि आमची तक्रार हीच आहे. तिकिटांच्या वांटणीवरून क्लब व मुंबईची क्रिकेट संघटना यांचें बिनसलें, आणि १९७५ च्या जानेवारींत वानखेडेवर पहिला कसोटी सामना झाला. लोकांसाठीं बांधलेलें हें प्रेक्षागार! देखणेपणांत तें ब्रेबोर्नच्या पासंगालाहि पुरत नसे, हें आम्ही मोकळेपणानें कबूल करतों.

२०११ च्या विश्वचषकापूर्वीं त्याची पुनर्रचना झाली. नवें कापडी छत मागच्या बाजूनेंच पेललेलें आहे. त्यामुळें खांबाआड फलंदाज दडत नाहीं. प्रेक्षागाराची खरी परीक्षा शेवटच्या रांगेंत बसून करावी, असें आमचें मत असल्यामुळें ही सुधारणा आम्हांस शोभेहून मोठी वाटते. मात्र आसनें सुमारें ४५,००० वरून ३३,००० वर आलीं. तिकिटांच्या भांडणांतून जन्मलेल्या वास्तूनें बारा हजार तिकिटें कमी करावीं, हें आम्हांस अजून पटलेलें नाहीं.