‘उत्तर’ ह्या शब्दाचे दोन अर्थ

मायकेल स्पिव्हाक ह्यांच्या ‘कॅल्क्युलस’ (१९६७) ह्या अमेरिकी पाठ्यपुस्तकाविषयी विद्यार्थ्यांत दोन मते आढळतात. कोणी त्यातील काटेकोर विवेचनाची प्रशंसा करतो, तर कोणी उदाहरणांच्या काठिण्याने हताश होतो. तीव्र मतभेद आहे तो स्वतंत्रपणे प्रसिद्ध झालेल्या उत्तरपुस्तकाविषयी. एकट्याने अभ्यास करणाऱ्यास ते शिक्षकाच्या ठिकाणी वाटते. इतरांस ते विचारशक्ती पंगू करणारे वाटते.

ह्या वादाचे मूळ ‘उत्तर’ ह्या शब्दाच्या द्व्यर्थतेत आहे. सीमेचे मूल्य काढावयाचे असेल, तर उत्तर म्हणजे एक संख्या. ती जुळली की काम संपले. स्पिव्हाक मात्र बहुधा सिद्धता मागतात. √३ अपरिमेय असल्याचे दाखवावयाचे, तर उत्तर म्हणजे युक्तिवाद. आणि तो एकाहून अधिक मार्गांनी मांडता येतो. आपली सिद्धता छापील सिद्धतेहून वेगळी निघाल्यास ती चुकीची की केवळ निराळी, हे उत्तरपुस्तक सांगू शकत नाही. तो निर्णय प्रत्येक पायरी तपासूनच करावा लागतो, आणि शिकावयाचे ते हेच. म्हणून ते आधी उघडणारा विद्यार्थी हा अभ्यास गमावतो; मुळीच न उघडणारा तुलनेस मुकतो. आधी लिहावे, मग ताडून पाहावे, हाच क्रम दोन्ही पुस्तकांना न्याय देणारा आहे.